कासवाचं ऐसपैस बीळ

माळावरची डबकी आटली होती, तेव्हाची गोष्ट. मुंग्या जागोजागची माती आणत आणि कासव ती हुंगून पाणी शोधी. पण एवढी माती ठेवायला त्याचं बीळ लहान पडू लागलं. बाहेर ठेवलेली माती उन्हाने वाळे. बीळ वाढवायला साळिंदर हवं, आणि ते फुकट कुठलं खणतंय!

"आमचं साठवणीचं धान्य द्या त्याला," टिपरी मुंगी म्हणाली. "पाणी सगळ्यांनाच हवंय."

साळिंदराने धान्य फस्त करून ऐसपैस बीळ खणलं. मुंग्या उपाशीपोटी माती वाहत राहिल्या.

टिपरी एक कण घेऊन कशीबशी पोचली. कासव नव्या बिळात मिरवत होतं.

"काय जागा झालीय! आता दुप्पट माती आणा." मग त्याने कण हुंगला. "अगं, ओला आहे! पाणी सापडलं! बोलाव सगळ्यांना."

टिपरीने मागे वळून पाहिलं. वाटेवर अख्खी रांग होती. एकही मुंगी हलत नव्हती.