अध्यक्षांच्या सीटला लोणी

१६ जानेवारी, नाशिक. आभाळ स्वच्छ, वारा बोचरा.

सायकल क्लबचे अध्यक्ष विसपुते नवी कार्बनची सायकल जोडून घ्यायला कुंदाताईंच्या सायकल दुकानात आले. सोबत चार सभासद, "वा साहेब" म्हणायला. ताईंनी बेअरिंगला ग्रीस लावलं, पण सीटचा धातूचा दांडा फ्रेममध्ये घट्ट राहावा म्हणून त्याला लावायला खरखरीत पेस्ट घेतली.

"तिथंही ग्रीसच चोपडा! नाहीतर क्लबचं काम दुसऱ्या दुकानात जाईल," अध्यक्ष गरजले.

"वा साहेब!" सभासद म्हणाले.

ताईंची जीभ मात्र जाग्यावर होती. "साहेब, लोणी लावून टिकते ती अध्यक्षांची खुर्ची. सायकलची सीट लोणी लावलं की खाली घसरते."

सभासद फिस्सकन हसले. मग घाबरून चौघंही टायर बघू लागले.

"पेस्टच लावा," अध्यक्ष पुटपुटले.

दांड्याला पेस्ट लागली. क्लबचं काम कुंदाताईंकडेच राहिलं.