भुजंगरावांच्या सहा निवडणुका

“एक अक्षर खोटं नको. सहातली एकही निवडणूक गाळायची नाही. आणि मी पडलो हे कुठं दिसता कामा नये!”

वडझिरीचे आमदार भुजंगराव टेकाळे यांनी असा हुकूम सोडला आणि बंगल्यावर जमलेली मंडळी एकमेकांची तोंडं पाहू लागली. कारण साहेब सहा वेळा निवडणुकीला उभे राहिले होते आणि त्यातल्या चार वेळा सपशेल पडले होते. एकदा तर अनामत रक्कमसुद्धा वाचली नव्हती!

सोमवारी साहेबांची एकसष्टी. मंत्री येणार, म्हणून गावाच्या वेशीवर लाकडी कमान उभारली होती. तिच्यावर साहेबांची कारकीर्द रंगवायची होती. गेल्या वर्षीच्या वाढदिवसाला पीए गोसावींनी ‘सहा वेळा विजयी’ असं छापलं होतं. ते पत्रक माजी आमदार अण्णा मुंगळ्यांनी भर बाजारात भोंग्यावरून वाचून दाखवलं होतं. “सहादा उभा राहिला, चारदा पडला, दोनदा बसला!” असं अण्णा म्हणाले आणि भाजी घ्यायला आलेला बाजार पोट धरून हसला. चारही वेळा साहेबांना पाडणारे अण्णाच, त्यामुळे हिशेब त्यांना तोंडपाठ.

या खेपेला जिल्ह्याहून एक साहित्यिक आणले होते. त्यांनी लिहिलं, ‘दोन विजय, चार नैतिक विजय.’

“नैतिक म्हणजे पडलेलाच की!” साहेब कडाडले. साहित्यिक चहा अर्धा टाकून निघाले.

तेवढ्यात मघापासून दारात उभी राहून सगळं ऐकणारी द्वारका हिवाळे पुढं आली. दिगू पेंटरची ही लेक. बापाची नजर अधू झाल्यापासून तालुक्यातल्या पाट्या तीच रंगवी.

“साहेब, मजकूर द्या. पांढऱ्या रंगाचा हात देऊन दोन दिवस झाले, कमान कोरीच आहे.”

साहेबांचा पारा चढलेलाच होता. “तूच लिही! तीन अटी ऐकल्यास ना? जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर या तालुक्यात तुझ्या हाती ब्रश दिसणार नाही!”

 साहेबांपुढं मान खाली घालायची द्वारकेला सवय नव्हती. ती गोसावींकडे वळली.

“भाऊ, साहेबांनी विधानसभेत किती प्रश्न विचारले?”

गोसावी खाकरले. “एक. ‘माझ्या बाकावर ऊन येतं, पडदा कधी लावणार?’”

“लागला?”

“दुसऱ्याच दिवशी!”

“आणि पक्ष किती झाले?”

“चार,” गोसावी पुटपुटले. “आजच्या दुपारपर्यंत.”

द्वारकेनं मान डोलावली आणि ती थेट वेशीवर गेली. कमानीला पडदा बांधून दोन दिवस आत रंगवत बसली. काय लिहितेय ते कोणालाच सांगेना.

सोमवार उजाडला. मंत्री आले, हार झाले. गर्दीत अण्णा मुंगळे भोंगा घेऊन तयारच होते. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. अण्णांनी भोंगा तोंडाला लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘सभागृहात विचारलेला प्रत्येक प्रश्न मार्गी लावला.’ हं! ‘चार पक्षांना आपल्या सेवेची संधी दिली.’ हं! ‘सहा निवडणुका लढवल्या. सहाही वेळा मतदारांनी योग्य माणसालाच निवडून दिले.’ खोटं! साफ खोटं!”

 साहेबांचा चेहरा पडला. द्वारका अजून शिडीवरच होती.

“अण्णा, यातलं खोटं काय?”

“सहाही वेळा म्हणे योग्य माणूस! अगं, चारदा मी निवडून आलोय!”

“मग चारदा मतदार चुकले का? तसं भोंग्यावर सांगा, आत्ता पुसते!”

 अण्णांनी भोंगा खाली घेतला. पहिल्यांदा हसल्या त्या भाजीवाल्या बाया, मग सगळी वेस हसायला लागली. मंत्र्यांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला.

आता साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. ते शिडीखाली येऊन हळूच म्हणाले, “द्वारके, म्हणजे मी पडलो तेव्हा योग्य झालं असं लिहिलंस की तू!”

“तुम्ही म्हणाल तर बदलते, साहेब. ‘मतदार चारदा चुकले’ असं लिहू? निवडणूक सहा महिन्यांवर आलीय.”

 भुजंगराव असे हसले की हारातली फुलं गळून पडली. “नको, नको! आहे तेच राहू दे! बोल, काय पाहिजे?”

द्वारका शिडीवरून उतरली. “साहेब, फ्लेक्स आल्यापासून माझा ब्रश वाळलाय. आजपासून मतदारसंघात तुमचा एकही फ्लेक्स नको. जे लागेल ते हातानं रंगवलेलं.”

साहेब दचकले. तालुक्यात वीजखांब होते त्याहून त्यांचे फ्लेक्स जास्त. “अगं, पण माझा फोटो?”

“मी काढीन की! हुबेहूब काढीन. फक्त केस आहेत तेवढेच काढीन.”

साहेबांचा हात आपसूक टकलाकडं गेला. मंत्र्यांना आता रुमालही पुरेना. अखेर भुजंगराव स्वतःच पुन्हा खदखदून हसले आणि भर सभेत म्हणाले, “गोसावी, उद्या सकाळी सगळे फ्लेक्स उतरवा! आणि हिला पहिलं काम लिहून द्या, चाळीस गावांच्या चाळीस वेशी!”