मोरांना कोंबड्या म्हटल्यावर

एकदा एका वृद्ध वस्त्रपारख्याकडे त्याची जुनी शिष्या भेटीला आली. कापड चिमटीत धरून त्याची जात ओळखायला त्यानेच तिला शिकवले होते. आता ती शहरात असे आणि समारंभांना नटनट्या काय लेवून आल्या, कुणाचे जमले, कुणाचे फसले, हे एका वृत्तपत्रात दर आठवड्याला लिही. लोक ते चवीने वाचत. तुम्हीआम्हीसुद्धा असले वाचतोच की. उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणायचा?

त्या आठवड्यात एका सोहळ्याला एक नामवंत अभिनेत्री पैठणीच्या पदराचे जाकीट घालून गेली होती. एका बड्या डिझायनरने ते बेतले होते. शिष्येने लिहिले, "पदरावर मोर आहेत म्हणे. आम्हाला तर मान मुरगळलेल्या कोंबड्या दिसल्या." झाले! तीन दिवसांत ते वाक्य लाखो मोबाइलवर फिरले.

"गुरुजी, जो तो तेच म्हणतोय," ती म्हणाली. तिला शाबासकी हवी होती.

म्हाताऱ्याने शाबासकी दिली नाही आणि बोलही लावला नाही. त्याने पायांत वहाणा सरकवल्या. "तो पेपर घे आणि चल माझ्याबरोबर," एवढेच म्हणाला.

दोन गल्ल्या सोडून लीलाबाई नावाच्या विणकरणीचे घर होते. त्या मागावर बसल्या होत्या, पण विणत नव्हत्या. विणलेला मोर धागाधागा उकलत होत्या.

"लीलाबाई, ही माझी विद्यार्थिनी," वृद्ध म्हणाला. "तुम्ही विणलेल्या पदराचं ते जाकीट झालं ना, त्याच्याबद्दल पेपरात आलंय. ही वाचून दाखवील."

शिष्येचा चेहरा खर्रकन उतरला. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे अभिनेत्री होती, डिझायनर होता. पदर कुणीतरी विणलेला असतो हे जिला गुरूने शिकवले होते, तीच ते विसरली होती.

"गुरुजी, इथे नको," ती पुटपुटली.

"का बरं? लाखोंनी वाचलंय. आणखी एकीनं ऐकलं तर काय बिघडलं?"

तिने वाचले. कोंबड्यांचे वाक्यही वाचले.

लीलाबाई रागावल्या नाहीत. "खरं असेल, ताई. शिकल्यासवरल्या माणसानं लिहिलंय म्हणजे असेलच. आम्हाला विणताना अख्खा पदर कुठं दिसतो? विणलं की गुंडाळत जायचं. जाकीटवाल्या साहेबांचा फोन आला, पुढच्या पदरात असल्या कोंबड्या निघाल्या तर परत पाठवीन म्हणाले. म्हणून हे दोन मोर उकलतेय. आतापर्यंत बावीस दिवसांचं काम उकललंय. एक तर गेलाच, हा दुसरा. पण तुम्हाला यातलं कळतं ना? मान कुठं वाकली तेवढं दाखवा. माझी मला काही दिसेना."

शिष्येने वाकून पाहिले. अर्धा उरलेला तो मोर मान ताठ ठेवून उभा होता. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारण तिला पहिल्या दिवशीच ठाऊक होते. छायाचित्रात पदराचे धागे तिरपे उतरत होते. कापणाऱ्याने पदर तिरका कापला होता, म्हणून मोर कलंडले होते. तिच्या शिकल्या डोळ्यांना ते तेव्हाच दिसले होते. पण वाक्य सुचले आणि ते इतके झकास होते की तिला खोडवेना.

"मान वाकडी नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "पदर तिरका कापलाय त्यांनी. तुमचे मोर सरळच होते. थांबवा हे, बाई."

लीलाबाईंचे हात थांबले. "तुम्हाला हो कसं कळलं?"

"ते मीच लिहिलंय. फोटो बघतानाच कळलं होतं मला."

लीलाबाईंनी साधाच प्रश्न विचारला. "कळलं होतं, तर लिहिलंत कशाला?"

त्या बाईने चार शिव्या हासडल्या असत्या तर शिष्येला बरे वाटले असते.

परतताना वृद्ध म्हणाला, "टीका करू नकोस असं मी म्हणत नाही. फसलेल्याला फसलं म्हणता यावं म्हणूनच तर तुला शिकवलं. पण तू चिमटा काढलास तो अभिनेत्रीला. तिच्या अंगावर उद्या दुसरं वस्त्र असेल. डिझायनर एक फोन करून मोकळा झाला. आणि लागलं कुणाला, तर जिला उलट विचारायची सोय नाही तिला. यापुढं लिहिताना एवढंच पाहा, जिच्या हातचं आहे तिच्यासमोर बसून हे मोठ्यानं वाचता येईल का? येत असेल तर खुशाल लिही, कितीही कडू असो."

शिष्येने त्याच संध्याकाळी डिझायनरला फोन करून चूक कापणीची होती, मोरांची नव्हे, हे सांगितले. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या नावाने चुकीची कबुली छापली. ती मात्र कुणी फारशी पुढे पाठवली नाही.

लीलाबाईंनी शेजारणीकडून ती दोनदा वाचून घेतली आणि मोर पुन्हा विणायला घेतले. बावीस दिवस लागायचे ते लागलेच. कबुली छापून आली म्हणून त्यातला एकही कमी झाला नाही.