ज्याचं शूटिंग त्याच्या घरी

माणदेशातल्या एका गावात गुंडिबा नावाचा गडी राहायचा. इतका भोळा, की आरशातल्या माणसालाही बाजूला होऊन वाट द्यायचा. शिवलिंगअप्पांच्या फोटो स्टुडिओत तो लग्नाला ड्रोन उडवायचा.

एकदा ड्रोन भरकटून चंपाकाकूंच्या गच्चीवर गेला. एकादशीचा दिवस, आणि काकू पाण्याच्या टाकीमागे बसून कांदाभजी खात होत्या. गुंडिबानं ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलं. काकू थेट पोलीस चौकीत.

हवालदारांनी दम भरला, "कायदा हाय. इचारल्याबिगर कुणाचं शूटिंग करायचं न्हाई."

"बरं," गुंडिबा म्हणाला.

पुढच्या लग्नात त्यानं सगळ्या वऱ्हाडाला विचारलं. एकेकाला, नावानिशी. शेवटच्या आजोबांनी मान डोलावली तेव्हा नवरी सासरी पोचली होती.

अप्पांनी कपाळ बडवून घेतलं. "लग्नात इचारत बसायचं नसतंय. काढायचं, मग ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. तिसऱ्याला दाखवायचं न्हाई."

"बरं."

त्यापुढच्या लग्नाचं शूटिंग झकास झालं. गुंडिबानं त्याचे तुकडे केले. नवऱ्याचा नवऱ्याला दिला, नवरीचा नवरीला, मामाचा मामाला. घोड्याचा तुकडा तबेल्यात जाऊन घोड्याला दाखवला.

"आमी दोघं एका जागी कुठं हाय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमचं त्यास्नी कसं दाखवू? कायदा हाय."

आता अप्पांचा संयम संपला. "माझ्या बागेतली डाळिंबं रोज दुपारी चोरीला जात्यात. चोर घावला तर कामावर ऱ्हा, न्हाईतर घरी बस."

ड्रोन सोडून गुंडिबाला दुसरं काही येत नव्हतं, आणि ड्रोनवर त्याचा जीव होता. तीन दिवस तो बांधावर ठाण मांडून बसला. चौथ्या दुपारी चोर आला. तोंड, पोतं, टेम्पोचा नंबर, सगळं स्वच्छ टिपलं गेलं. संध्याकाळी ही बातमी कळताच अप्पा धावत जाऊन हवालदारांना घेऊन आले.

"दाखव," हवालदार म्हणाले.

"माझ्यापाशी न्हाई. टेम्पोच्या मागं मागं जाऊन ज्याचं त्याला नेऊन दिलं. लई चांगला मानूस. बसवलं, डाळिंब सोलून दिलं."

अप्पा मटकन खाली बसले. हवालदारांची कळी मात्र खुलली. "म्हंजे घर म्हाईत हाय तुला? चल, दाखव."

गुंडिबानं चपला घातल्या आणि थांबला. त्याला चंपाकाकू आठवल्या. या खेपेला चुकायचं नव्हतं.

"तुमी बसा, सायेब," तो म्हणाला. "मी आधी त्यास्नी इचारून येतो, पोलीस आणले तर चालंल का."

आणि अप्पांचीच मोटारसायकल घेऊन तो गेलासुद्धा.