ठमाईचं एकलं पिल्लू

फार वर्षं झाली त्याला. आसनी नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि आमच्या उंबरटेकाला यायचं तर पाण्यातूनच वाट होती. त्या काळी गावाच्या खालच्या अंगाला ठमाई नावाची बाई एकटी राहायची. नवरा गेलेला होता, मूलबाळ नव्हतं. तिच्याकडे कोंबड्या होत्या. कुणाची कोंबडी खुडूक बसली नाही तर लोक अंडी ठमाईकडे आणून द्यायचे. ती आपल्या कोंबडीखाली ती अंडी उबवायला ठेवायची, आणि पिल्लं निघाली की टोपलीत घालून ज्याची त्याला पोचवायची. असं म्हणतात, तिच्या घरी ठेवलेलं अंडं कधी वाया गेलं नाही.

एका वैशाखात कोंबड्यांवर मर आली. सकाळी आरवलेला कोंबडा दुपारी मान टाकायचा. दारोदारी पिसं उडायला लागली, आणि हळूहळू गाव मुकं होत गेलं.

गावाचा एक जुना नियम होता. मर आली की गावात उरलेलं पाखरू न् पाखरू, अंडं न् अंडं बांबूच्या एका मोठ्या डालात भरायचं. गुरवानं पुढं चालायचं, आणि नदी ओलांडून पलीकडच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, ते पुरून यायचं. मग नव्या भाताचा पहिला नैवेद्य देवाला दाखवीपर्यंत गावात कोंबडीचं पीससुद्धा दिसायला नको. त्या नैवेद्याच्या दिवसाला आमच्याकडे ‘नवं’ म्हणतात. नवं व्हायच्या आत एक जरी पाखरू गावात राहिलं, तर मर पाखरांवरून माणसांवर येते, असं सगळे मानत. ठमाईही मानत होती.

तिनं आपल्या हातानं आपल्या कोंबड्या डालात घातल्या. अंड्यांवर बसलेली शेवटची कोंबडीही घातली. तिच्याखालची अंडी एकेक करून कानाला लावली. एक अंडं गार होतं, आत काही हलत नव्हतं. मेलेलं अंडं डालात घालायचं नाही, असाही नियम होता, कारण मरीला जिवंतच द्यावं लागतं. म्हणून तिनं ते बाजूला काढलं आणि उकिरड्यावर टाकायला म्हणून चुलीशेजारच्या राखेत ठेवून दिलं. राख उबदार होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी राखेतून चिवचिव ऐकू आली.

ठमाईनं ठरवलं, आता हे नेऊन गुरवाला द्यायचं. पण पिल्लू ओलं होतं. ते वाळू दे, मग देऊ, असं तिनं मनाशी म्हटलं. ते वाळलं तेव्हा तिच्या ओंजळीत झोपलेलं होतं. मग तिनं म्हटलं, उठू दे.

ते उठलं, पण काही खाईना. पुढं कण्या टाकल्या तरी नुसतं उभं राहून ओरडायचं. कोंबडीचं पिल्लू दुसऱ्याला टोचताना बघून टोचायला शिकतं, आणि याला ना आई होती ना भावंडं. तेव्हा ठमाई जमिनीवर पालथी झाली आणि बोटाच्या नखानं कण्यांवर टक टक टोचायला लागली. पिल्लानं तिच्या बोटाकडं पाहिलं आणि पहिला दाणा उचलला. तिनं बोट थांबवलं की तेही थांबायचं. असं म्हणतात, त्या दिवसापासून ठमाई आपली भाकरीसुद्धा जमिनीशी बसून, बोटानं टकटक करत खाऊ लागली.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. एकलं पिल्लू सोबतीवाचून गप्प बसत नाही. ती पाण्याला गेली की ते असं ओरडायचं की वरच्या आळीला ऐकू जावं. एकदा तिनं त्याच्यापुढं पितळी ताटात पाणी भरून ठेवलं. पाण्यात आपल्यासारखं दुसरं पिल्लू दिसलं आणि ते गप्प झालं. ठमाईला वाटलं, बरी युक्ती सापडली. घागर घेऊन परत आली तर पिल्लू त्या सोबत्याला भेटायला पाण्यात उतरलेलं, भिजून निपचित पडलेलं. दिवसभर छातीशी धरून तिनं ते जगवलं. त्यानंतर ती त्याला सोडून उंबऱ्याबाहेर गेली नाही.

शेजारी कोंडा राहायची. कोंडाला भिवरी नावाची एकच लेक होती, नुकती चालायला लागलेली. ठमाईचं दार सारखं बंद दिसायला लागलं तशी कोंडा दाराशी आली.

“ठमाबाय, पाणी संपलं आसंल की तुझं. दार लावून काय करतीस?”

“अंग दुखतंय गं.”

“अंग दुखतंय का लोकांचं तोंड बघू वाटंना झालंय? उघड, घागर भरून आणलीया.”

दार उघडावं लागलं. ठमाईचा पदर हलत होता. कोंडानं तो बाजूला केला आणि आधी घाबरली, मग तोंडावर हात धरून हसली. “ह्याच्यासाठी आजारी पडलीस व्हय? एवढुसं तर हाय. ह्याच्यापरीस माझ्या घरचं झुरळ मोठं.”

“सांगशील का कुणाला?”

“मी कशाला सांगू? पर नवं व्हायला लई दिस हायेत, बाय. ह्याला तुरा फुटला न् आरवला म्हंजी?”

ठमाईनं पिल्लू पुन्हा पदराआड घेतलं. त्या दिवसापासून कोंडा रोज पाणी घेऊन यायची, आणि भिवरीला मांडीवर घेऊन तिघी जमिनीवर टकटक करायच्या. भिवरीला तो खेळ फार आवडायचा.

मग भिवरीला ताप आला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. पोरीनं डोळे उघडले नाहीत, मान टाकली. ती टाकलेली मान पाहून कोंडाला मरीतल्या कोंबड्या आठवल्या. ती उठली आणि सरळ धाकू गुरवाच्या घरी गेली.

गाव ठमाईच्या दारात जमलं. धाकू गुरव पुढं झाला. तो वाईट माणूस नव्हता, पण गावाचं भलंबुरं त्याच्या माथी होतं.

“ठमाबाय, काढ ते भायेर.”

ठमाईनं पिल्लू पदरातून काढलं नाही. तिनं कोंडाकडं पाहिलं. कोंडा खाली मान घालून म्हणाली, “मीच सांगितलं. माझी एकच हाय.”

“माझं बी,” ठमाई म्हणाली.

“कोंबडीचं पिल्लू हाय ते, ल्योक न्हवं,” गर्दीतून कुणी म्हणालं.

“ल्योक आसता तर त्याला गावानं सांभाळलं आसतं. ह्याला कोण सांभाळील?” मग ती गुरवाला म्हणाली, “धाकूदादा, मारायचं न्हाई. पाखरू नदीपल्याड गेलं म्हंजी झालं ना? मी घिऊन जाते.”

गुरव म्हणाला, “पल्याड ठेवून माघारी ये मग.”

“ठेवलं तर सांजंपातुर मरंल ते. एकल्याला टोचून कोण दावील?”

“मरीचं पाखरू संगं ठेवलेला माणूस नवं होईस्तवर गावात येत न्हाई, ठाव हाय ना? पाणी चढलं की आमाला बी तिकडं येता यायचं न्हाई.”

“ठाव हाय.”

असं म्हणतात, लोकांनी तिला नाचणीचं पोतं दिलं, मीठ दिलं, विस्तव दिला. नदीपर्यंत सगळे गेले. ठमाई कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं गेली, आणि सड्याच्या कडेला गुराख्यांची एक पडकी खोप होती, तिथं राहिली.

पिल्लू गावाबाहेर गेलं, पण ताप काही गेला नाही. भिवरी वारली. आणखी कुणाला काही झालं नाही. मर माणसांवर आलीच नव्हती. तो एका पोरीचा साधा ताप होता. हे गावाला कळलं तोवर नदी दोन्ही काठ भरून वाहू लागली होती. ठमाईला बोलावून आणायला वाट राहिली नव्हती.

कोंडानं खाणं सोडलं. नवऱ्यानं समजावलं, सासूनं शिव्या दिल्या, पण घास तिच्या घशाखाली उतरेना. एक दिवस ती भाकरी फडक्यात बांधून नदीकाठी गेली. पलीकडं खोपीच्या दाराशी ठमाई बसलेली दिसली. पिल्लू आता मोठं झालं होतं आणि दाणे टिपत होतं. ठमाई त्याला बोटानं दाखवत होती, पण स्वतः काही खात नव्हती. तिच्या मांडीवर भाकर तशीच होती. पिल्लाला खायला ठमाईची सोबत होती, पण ठमाईपुढं बसून कोण खाणार?

कोंडाला हे कळलं. ती काठावर बसली, फडकं सोडलं, भाकर वर धरून दाखवली आणि एक घास तोंडात घातला. पलीकडून ठमाई बघत राहिली. मग तिनंही घास मोडला.

तेव्हापासून रोज दुपारी कोंडा नदीकाठी जेवायची. दोघींमध्ये पुराचं पाणी असायचं. बोललेलं ऐकू जात नव्हतं, पण एकीनं घास घेतला की दुसरी घ्यायची. कोंडानं माफी मागितली की नाही, हे कुणाला ठाऊक नाही. मागितली असती तरी ती पाण्यातच गेली असती.

पुढं श्रावणात धुकं उतरलं. पलीकडचं काही दिसेना. कोंडा काठावर बसून राहिली, भाकर हातात तशीच. शेवटी तिनं दोन दगड घेतले आणि एकावर एक आपटले. टक, टक. ऐकू जाईल असं तिला वाटलं नव्हतं. पण असं म्हणतात, त्या वेळी पुराचा आवाज क्षणभर खाली बसला, आणि पलीकडून बारीक आवाज आला. टक, टक. कोंडानं घास घेतला.

धुकं हटलं नाही. किती दिवस ते राहिलं, कुणी मोजलं नाही. कोंडा दगड वाजवायची, पलीकडून उत्तर यायचं, आणि ती जेवायची. घरी येऊन सांगायची, “ठमाबाय जेवली.” लोकांना बरं वाटायचं. ज्यांनी तिला पोचवलं होतं, त्यांच्याही गळ्याखाली मग घास उतरायचा.

दसऱ्याच्या सुमाराला नदी उतरली, धुकं मात्र अजून होतंच. नव्या भाताच्या लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. धाकू गुरव म्हणाला, “चला, तिला मानानं आणू.” कोंडा सगळ्यांच्या पुढं पाण्यात शिरली. तिच्याजवळ नवं लुगडं होतं. पलीकडून आवाज येतच होता. टक, टक.

खोपीच्या दारात ठमाई खांबाला टेकून बसली होती. तोंड नदीकडं होतं. ती मरून फार दिवस झाले होते. तिच्यापुढं नाचणीच्या दाण्यांचा ढीग होता, आणि खालच्या दाण्यांना कोंब फुटून त्यांची हिरवी पाती गुडघ्याएवढी वाढली होती. त्या पात्यांत लाल तुऱ्याचा एक कोंबडा उभा होता, वाळून काटकीसारखा झालेला. तो चोचीत दाणा उचलायचा, तिच्यापुढं ठेवायचा आणि खालच्या दगडावर टोचून दाखवायचा. टक, टक. मग मान वाकडी करून तिच्या तोंडाकडं बघायचा. पुन्हा दाणा आणायचा. त्याची चोच झिजून बोथट झाली होती.

त्या दगडाला बोट जाईल एवढी खळगी पडली आहे, असं म्हणतात.

धाकू गुरवानं डोक्याचं मुंडासं काढून खाली ठेवलं.  कोंडा मात्र ठमाईजवळ खाली बसली आणि कोंबड्यापुढं बोटानं टकटक करायला लागली. तो आला, आणि तिच्यापुढचा एक दाणा त्यानं खाल्ला.

ठमाईला तिथंच, सड्यावर मूठमाती दिली. कोंडानं कोंबडा पदरात घेऊन गावात आणला. नवं अजून झालं नव्हतं, पण कुणी अडवलं नाही. पुढं लोकांनी घाटापलीकडून नव्या कोंबड्या आणल्या. त्यांच्यात तो कधी मिसळला नाही. तो कधी आरवलाही नाही, कारण आरवायचं ते त्यानं लहानपणी कुणाकडून ऐकलंच नव्हतं, असं म्हणतात. कोंडाच्या उंबऱ्यावर बसून असायचा. ती जेवायला बसली की समोर यायचा. तो मेला तेव्हा कोंडा त्याला घेऊन एकटीच नदीपलीकडं गेली, आणि ठमाईशेजारी पुरून आली.

उंबरटेकात आता मरीचं डाल काढत नाहीत. कोंबडीखाली एकच पिल्लू निघालं, तर दिवस मावळायच्या आत ते पिल्लं असलेल्या दुसऱ्या घरी नेऊन सोडतात. त्या घरानं नाही म्हणायचं नसतं. “ठमाईचं हाय,” एवढंच बोलतात. नव्याच्या दिवशी गाव नदीकाठी बसतं. एक माणूस आधीच पलीकडं गेलेला असतो. इकडून दगड वाजवतात, आणि पलीकडून उत्तर आल्यावाचून कुणी पहिला घास घेत नाही. एखाद्या वर्षी धुक्यानं आवाज लवकर येत नाही. तरी लहान पोरंसुद्धा ताटावर हात धरून थांबतात.

आणि गावात कुणी एकट्यानं जेवत नाही. घरात एकटी म्हातारी असेल, कुणाचं माणूस नुकतं गेलं असेल, तर जेवणाच्या वेळी शेजारचं कुणीतरी जाऊन समोर बसतं. हल्ली पूल झाला आहे, बाहेरची माणसं येतात. तारा ओढायला आलेला एखादा कामगार दुपारी झाडाखाली डबा उघडतो, आणि गावातलं कुणी ना कुणी येऊन त्याच्यापुढं बसतं. तो बिचकतो. विचारतो, काय पाहिजे? काही नको, असं गावकरी सांगतात. स्वतःचं पोट भरलेलं असलं तरी त्याच्या डब्यातला एक घास मागून खातात, आणि तो जेवू लागला की मग उठून जातात.