पांजरपोळाचे पंच

नदीकाठच्या एका गावात निंबाजीशेट नावाचे धान्याचे एक व्यापारी राहत. म्हाताऱ्या, थकल्या बैलांसाठी त्यांनी गावात पांजरपोळ काढला होता. कारभार पाहायला त्यांनी पंचक्रोशीतली पाच बडी माणसे पंच नेमली. हे पंच वर्षातून चारदा शेटजींच्या ओसरीवर जमत, शिरा खात आणि काहीही विचारले तरी म्हणत, "तुम्ही म्हणाल तसं." शेटजींनाही ते ऐकून बरे वाटे.

एका पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलाने अकरा बैलांचे खूर सडले. दोन बैल दगावले. शेटजींनी घाईने पंचांना बोलावले.

"बैल कुठे हलवू?"

"तुम्ही म्हणाल तसं," पंच म्हणाले.

तेव्हा कुठे शेटजींच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाचांपैकी एकानेही आजवर गोठ्यात पाऊल टाकले नव्हते.

त्यांनी पंचांना शाल-नारळ देऊन निरोप दिला आणि जनावरांची जाण असलेली माणसे शोधली. हौसाई धनगरीण, इमाम नालबंद आणि कडबा पुरवणारा रावजी. पहिली बैठक गोठ्यातच बसली.

शेटजी म्हणाले, "मी नदीकाठचं कुरण ठरवलंय. तिथं गवत भरपूर आहे. उद्याच बैल हलवू."

"नको," हौसाई म्हणाली.

पांजरपोळ काढल्यापासूनच्या बारा वर्षांत शेटजींना असे कुणी बोलले नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला.

"का नको?"

"तिथली माती ओली, शेटजी. खूर आणखी सडतील. यांना टेकडीवरचा मुरमाड माळ पाहिजे."

इमामने एका बैलाचा पाय अलगद उचलून दाखवला. शेटजी वाकले. सडका खूर इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी राग गिळला.

"बरं, माळावर नेऊ. पण रोज टेकडी चढणार कोण?"

"माझी मेंढरं तिथंच असतात. पाण्याचं मी बघते," हौसाई म्हणाली. रावजीने कडबा वर पोचवायचे कबूल केले. इमाम तर औषध आणायला उठलासुद्धा.

पाचव्या दिवशी नदीला पूर आला आणि ते कुरण पाण्याखाली गेले. माळावर बैल निवांत रवंथ करत होते. शेटजी वर जाऊन त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

दिवाळीनंतर ते पहिल्यांदाच आठ दिवस बहिणीकडे राहायला गेले. परतले, तर पांजरपोळातल्या आंधळ्या बैलांसाठी वेगळा आडोसा उभा राहिलेला!

"मला विचारलं नाहीत?"

"थंडी तुमची वाट बघत थांबली नसती, शेटजी," हौसाई म्हणाली.

शेटजी खळखळून हसले. घरी जाऊन त्या दुपारी ते गाढ झोपले.

तात्पर्य: संस्थेला नावापुरते पंच पुरत नाहीत. चुकेल तिथे 'नको' म्हणणारी आणि मग स्वतः कामाला लागणारी माणसे जोडावीत, आणि त्यांचे ऐकावे.