फांदीवरून टाकलेला मासा

जंगलातून वाहणाऱ्या एका नदीच्या डोहाकाठी एक म्हातारे पाणमांजर राहत असे. एके काळी पिल्लांना घेऊन ते चिखलाच्या घसरणीवरून पाण्यात झेप घेई, तळच्या खडकांतून मासे हुसकून आणी आणि मग काठावर सगळ्यांची पंगत बसे. पुढे पिल्ले मोठी होऊन दूरच्या पाण्याकडे निघून गेली. आता तर त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. काठावर बसून ते पाण्याचा आवाज ऐके, आणि ते दिवस आठवून त्याचे मन भरून येई.

जवळच्या जांभळावर एक खंड्या पक्षी होता. त्याला पाणमांजराची कीव आली. तो रोज फांदीवरून एक मासा खाली टाकी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी, "केवढे होते बिचारे, आणि काय दशा झाली बघा. मी नसतो तर उपाशीच मेले असते." खंड्याचे मन वाईट नव्हते. पण ते शब्द कानी पडले की पाणमांजराला घास गिळवेना. शेवटी त्याने त्या माशांना तोंड लावणेच सोडले.

चार दिवसांनी एक वयस्कर कासवीण काठाशी आली. तसेच पडलेले मासे तिने पाहिले, पण ती हळहळली नाही. नुसती शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुमची पिल्ले माझ्या पाठीवरून उड्या मारायची. आठवते ना?"

"आठवते तर. धाकटे फार द्वाड होते," पाणमांजर म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले.

"मग चला पाण्यात."

"मला दिसत नाही गं."

"तळाच्या गढूळ पाण्यात मलाही दिसत नाही. तुमच्या मिशांना तर मासा कळतो. माझ्या पाठीवर पंजा ठेवा, मी सोबत आहे."

दोघे डोहात उतरले. दोनदा मासा निसटला. तिसऱ्या खेपेला मात्र तो दातांत सापडला. पाणमांजराने काठावर येऊन तो चवीने खाल्ला.

खंड्या हिरमुसून म्हणाला, "मी तर आयता मासा देत होतो. तो का नको झाला?"

"तुझे उपकार आहेत, बाबा," पाणमांजर म्हणाले, "पण तू मला वरून पाहत होतास. ही माझ्याबरोबर पाण्यात उतरली."

दुसऱ्या दिवशी खंड्या काठावर येऊन पाणमांजराशेजारी बसला आणि म्हणाला, "आजोबा, पूर्वीचा डोह कसा होता, सांगा ना."

तात्पर्य : कीव उंचावरून हळहळते आणि समोरच्याला लहान करते, करुणा त्याच्या शेजारी येऊन त्याला सोबत करते.